पोस्टाला जागा पाहिजे

१८ नोव्हेंबर २०२४

सविता,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, आशीर्वाद. बजरंगभावजींनाही सांग.

तुझ्या साक्षीच्या लग्नापासून आपण बोललो नाही. माझ्याकडे फोन आहे, पण फोनवर तुझा आवाज ऐकावा लागतो. त्यापेक्षा पत्र बरं. पेटी माझ्याच भिंतीला आहे, उंबऱ्याबाहेर हात काढला की टाकता येतं.

कामाचं लिहिते. पोस्टाला जागा पुरेना झाली आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून पोस्ट आपल्या पुढच्या खोलीत. दोघा भावांच्या वाटणीत ती खोली आणि मागचं माजघर आमच्याकडे आलं, यांच्या नोकरीमुळे पोस्टही आलं. तुमच्याकडे रस्त्याकडेचा प्लॉट गेला. तुम्ही त्यावर स्लॅबचं घर बांधलंत आणि कुलूप घालून नांदेडला गेलात. हे सगळं तुला ठाऊक आहे, पण एकदा नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

हे गेल्यावर यांच्या खुर्चीवर माधवी आली. चुडाव्याची पोरगी, दहावीच्या मार्कांवर लागली. स्कूटीवर फिरते, हुशार आहे, मला आजी म्हणते. ते असो. सरकारचे पैसे बायकांच्या खात्यात यायला लागले तेव्हापासून आख्ख्या गावाच्या बायका अंगठा लावायला इथं. शिवाय पार्सलं. पूर्वी थैल्यात चार पाकिटं यायची, आता साड्या येतात, बियाणं येतं, मोबाईल येतात. पुढच्या खोलीत मावत नाही म्हणून पार्सलं माजघरात ठेवते. मी भाकरी थापते आणि परातीशेजारी कुणाचे तरी बूट खोक्यात बसलेले असतात.

मागच्या आठवड्यात पोस्टाचे मोठे साहेब आले. दारातच बायकांच्या चपलांत अडखळले. माधवीला म्हणाले, "संक्रांतीच्या आत मोठी जागा बघा. न्हाई भेटली तर हे ऑफिस शेजारच्या गावात मिसळावं लागंल." साहेब गेल्यावर माधवीनं रस्त्याकडं बघितलं. रस्त्याकडं तुझं घर आहे.

तिनं गल्लीतल्या सरजाबाईकडून तुझा नंबर घेतला आहे. तुला विचारील. तर माझं सांगणं एवढंच की घाईनं हो म्हणू नकोस. तुझा स्लॅब गळतो. या पावसाळ्यात खिडकीतून बघितलं तर हॉलमध्ये पाणी होतं. पोस्टाचे कागद भिजले तर बोल तुला लागेल. ओट्यावर रोज पत्त्यांचा डाव बसतो, तिथं बायामाणसं कशी येणार? तुझ्या भल्याचं सांगते.

सुलाबाई


३ डिसेंबर २०२४

सविता,

पत्राला पत्रानं उत्तर द्यायचं सोडून तू माधवीला फोन केलास. माझ्याच खोलीत, माझ्याच बाकड्यावर बसून ती तुझ्याशी "हो काकू, बरं काकू" करत होती. तुझ्यामाझ्यात तीन वर्षांचं अंतर. तू काकू आणि मी आजी! नांदेडच्या पाण्यात काय आहे कोण जाणे.

आणि स्लॅब गळतो म्हटल्यावर माणूस घर द्यायला कचरेल असं मला वाटलं होतं. तू पंडित गवंड्यालाच पाठवलंस. तो भर दुपारी तुझ्या स्लॅबवर चढला, सगळीकडं ठोकून बघितलं, घागरभर पाणी ओतून बघितलं आणि वरूनच ओरडला, "सुलामावशी, कुठं गळायलंय? खडखडीत हाय की!" खाली पंधरावीस बायका अंगठ्यासाठी उभ्या होत्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं घर असेल, माझ्या डोळ्यांना आताशा नीट दिसत नाही. तर लगेच माधवी म्हणते, "आजी, काल तर तुमी चष्म्याबिगर सुईत दोरा ओवला."

तू फुकट घर देतेस हे गावात झालं आहे. भाडं नको, वर रंगही मारून देते म्हणालीस म्हणे. आता पाण्याला जाताना, दळणाला जाताना एकच, सविताबाईची काय दानत! सरजाबाई माझ्या तोंडावर म्हणाली, "मन मोठं लागतं मायबाई." सविता, या खोलीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून पोस्ट आहे. रोज सकाळी मी झाडलं. उन्हाळ्यात रांजण भरला. मनीऑर्डरीला आलेल्या म्हाताऱ्यांना चहा दिला. पाहुणे आले तर त्यांना मागच्या दारानं घेतलं, कारण पुढं पोस्ट. माझ्या घरात माझ्यासाठी एक खोली कमी होती आणि आजपर्यंत एका माणसाच्या तोंडून दानत हा शब्द निघाला नाही. तू नांदेडला सोफ्यावर बसून एक फोन केलास.

मला राग येतो असं लिहिणार होते. राग नाही, जळफळाट होतो. तुझ्या स्लॅबचा होतो, तुझ्या रस्त्याकडच्या प्लॉटचा होतो, तुझं कुलूपसुद्धा माझ्या कुलपापेक्षा मोठं आहे त्याचा होतो. देवानं तुला लेक दिली आणि मला दिली नाही, याचं मी कधी बोलले नाही. साक्षी लहान असताना याच खोलीत, या बाकड्याखाली झोपायची, म्हणून बोलायची गरज पडली नाही.

आणि तिच्याच लग्नाची पत्रिका मला आली नाही. थैला माझ्यासमोर उघडला. लाल पाकिटं निघाली, सरजाबाईला, पंडितला, पार गावाबाहेरच्या पाटीलबुवांना. माधवीनं एकेक नाव वाचून बाजूला ठेवलं आणि थैला उलटा करून झटकला. माझं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं मागं राहिली असेल. मग लग्न होऊन गेलं. गाव भरून गाड्या गेल्या, मी दार लावून बसले.

घर देऊ नकोस. एवढं माझ्याकडं राहू दे.

सुलाबाई


१७ डिसेंबर २०२४

सविता,

चावी पाठवायची तसदी घेऊ नकोस. पोस्ट इथंच राहतं.

मला सुचलं ते कुणालाच सुचलं नव्हतं. पुढची खोली आणि माजघर यांच्यामधली भिंत पाडते. दोन्ही मिळून तुझ्या हॉलपेक्षा मोठी जागा होते, मी लुगड्यानं मापून बघितली. माझं काय, चूल मागच्या पत्र्याच्या खोलीत मांडते. एकट्या बाईला कितीशी जागा लागते?

पंडितला बोलावलं. तो भिंतीला कान लावून, वर बघून म्हणाला, "मावशी, हे माळवद हाय. वर सगळी माती. मधल्या तुळईचं टोक ह्याच भिताडावर टेकलंय. भिताड काढायचं तर आधी खालून लोखंडी गर्डर टाकावा लागंल, त्याला लोहार सेलूहून येईल, पंधरा दिवस तरी लागतील." पंधरा दिवसांत तुझा रंग मारून झाला असता. मी म्हटलं, दोन लाकडी खांब उभे कर, पुष्कळ झालं, सासऱ्यांनी बांधलेलं आहे, हलायचं नाही. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, तुला सविताबाईनं फितवलंय का? मग बिचारा पहारी घेऊन आला.

माधवी नाराज आहे. "आजी, तुमी कुठं राहणार? अन् काकूंनी तर हो म्हणलंय." मी म्हटलं, तू मोजमाप कर आणि साहेबांना कळव. तिनं कळवलं. साहेब पहिल्या आठवड्यात येणार. गावात आता म्हणायला लागलेत, सुलाबाईनं पोस्टासाठी राहती खोली दिली. सरजाबाईच्या कानावर पडावं म्हणून मी तिच्या दारावरून दोनदा गेले.

माधवीच्या तोंडून कळलं, साक्षीला दिवस आहेत. सहावा संपत आला म्हणे. ती पोरगी अगदी सहज बोलून गेली, जसं काही मला माहीतच आहे. मीही "हो, मला माहीत आहे" म्हटलं. आत जाऊन परात घासत बसले.

साक्षीला तिळाचं काही देऊ नकोस, उष्ण पडतं.

सुलाबाई


६ जानेवारी २०२५

सविता,

इकडं सगळं ठीक आहे. भिंत निघाली. जागा लय ऐसपैस दिसते. थोडी माती पडते, ती जुन्या घराला पडतेच. साहेबांचं येणं पुढं गेलं, ते बरंच झालं, थोडं काम राहिलं आहे.

माधवी दोन दिवसांपासून टेबल अंगणात लिंबाखाली मांडून बसते. हवेशीर वाटतं म्हणून. मीही बाहेरच झोपते, आत उकडतं.

पंडित तुला फोन करील. त्याचं काही मनावर घेऊ नकोस, त्याला आधीपासून वाढवून सांगायची खोड आहे.

सुलाबाई


२३ जानेवारी २०२५

सविता,

जानेवारीत उकडत नाही हे तुलाही कळलं असेलच. खरं लिहिते.

भिंत काढल्यावर तिसऱ्या दिवशी तुळई कुरकुरली. मी म्हटलं लाकूड आहे, बसतंय. चौथ्या दिवशी दोनातला एक खांब एका बाजूला कलला आणि वरची माती धबधबा माधवीच्या टेबलावर आली. तिनं आधी अंगठ्याचं मशीन पोटाशी धरलं, मग माझा हात धरला आणि आम्ही बाहेर. कुणाला लागलं नाही. पंडितनं येऊन टेकू लावले, पण तो म्हणाला, आता खाली ना पोस्ट ठेवायचं ना माणूस. माळवद उतरवावंच लागेल. रागावला नाही, हसलाही नाही. त्याचंच जास्त लागलं.

जे घर मी तुझ्यापासून वाचवत होते ते माझ्याच हातानं गेलं. पोस्टही गेलं. साहेब आले, टेकू बघून उंबऱ्याच्या बाहेरच थांबले आणि म्हणाले, "आज्जच्या आज्ज हलवा." कुठं, ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

माधवीनं तुला फोन लावला. तिचे दोन्ही हात थैल्यात गुंतलेले, म्हणून फोन बाकड्यावर ठेवून आवाज मोठा केला. तुझा आवाज माझ्या अंगणात आला. जसाच्या तसा आहे, नांदेडनं काही बदलला नाही. माधवी म्हणाली, काकू, चावी लागंल, अन् आजीला पण तुमच्या घरातली मागची खोली द्याल का? त्यावर तू जे बोललीस ते मी तसंच लिहून ठेवते, म्हणजे उद्या तुला नाही म्हणता येणार नाही.

तू म्हणालीस, "अक्कानं चावी कामून मागायची? चावी शेजारच्या बायनाबाईकडं हाय, घर बांधलं तव्हापासून हाय. थोरलीच्या घराला परवानगी लागती व्हय? अन् तिला म्हणावं, साक्षीच्या लग्नात आठ दिवस मी दारात डोळे लावून बसले. हळद थोरल्या जावेनं कुटायची म्हणून उखळ कुणाला शिवू दिलं न्हाई. शेवटी शेजारणीनं कुटली. लोकं विचारायले, थोरली कुठाय? काय सांगू, पत्रिकेची वाट बघायलीय? घरच्याला कुणी पोस्टानं पत्रिका धाडतं व्हय?"

मग तू फोन ठेवलास. माधवी थैला आवळत होती, तिनं मान वर केली नाही. फार समजूतदार पोरगी आहे.

सविता, ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. सरजाबाईच्या दिरानं भावकीत पत्रिका वाटल्या तेव्हा मीच नाकाला पदर लावला होता, की बघा, घरच्यांना पाहुणं केलं. पण जन्मभर पोस्ट घरात ठेवून माझं असं झालं, की जे थैल्यातून आलं नाही ते मला आलंच नाही. तू तिकडं उखळाशी वाट बघत होतीस आणि मी इकडं थैल्याशी. एक मात्र सांगते. तूही एक फोन करू शकली असतीस. थोरलीनं आपणहून यावं हे खरं, पण धाकटीनं हट्टाला किती पेटावं यालाही काही हद्द असते.

हलवायच्या दिवशी बायकांनीच सगळं नेलं. कुणी टेबल, कुणी तराजू, कुणी पार्सलं डोक्यावर. पेटी पंडितनं काढली. मी रांजण उचलू देत नव्हते. म्हटलं, हा पोस्टाचा नाही, माझा आहे. माधवी म्हणाली, "मग तुमीच घ्या आजी, पण चला." रांजण दोघींनी धरून नेला. रस्ता ओलांडताना एक मोटरसायकलवाला थांबला, त्यानं विचारलं, पोस्ट कुठं चाललं? सरजाबाई म्हणाली, "सविताबाईच्या घरी." मला तिथंच रांजण सोडावासा वाटला.

सुलाबाई


११ मार्च २०२५

चि. सौ. सविता हिला अनेक आशीर्वाद. या वेळी रीत म्हणून नाही.

काल माधवी मागच्या खोलीत पळत आली, "आजी, साक्षीताईला मुलगी झाली!" तू तिला आधी सांगितलंस, मला नंतर, हे मी लक्षात ठेवलं आहे. पण पेढे मी वाटले. पोस्टात आलेल्या प्रत्येकाला. कुणी म्हटलं, कुणाला काय झालं, तर सांगितलं, आमच्या साक्षीला मुलगी. सरजाबाईला दोन दिले.

तुझं घर चांगलं आहे. आता लिहायला हरकत नाही. हॉलमध्ये बायका ऐसपैस बसतात, पार्सलांना मांडणी केली, साहेबांनी येऊन मान डोलावली, म्हणाले हे ऑफिस आता कुठं मिसळायची गरज नाही. ऊन ओट्यावर सकाळीच येतं. पत्त्यांचा डाव मी उठवला. तो खरोखरच बसायचा, तेवढं मी खोटं लिहिलं नव्हतं. लोक अजून सविताबाईचं पोस्ट म्हणतात. रोज ऐकते, रोज एकदा पोटात जळतं, मग उठून रांजण भरते. परवा एका म्हाताऱ्यानं पाणी पिऊन विचारलं, तुमीच का सविताबाई? मी हो म्हटलं. बघू तरी म्हटलं, कसं वाटतं ते.

आता मुद्द्याचं. माधवीकडून कळलं, साक्षीची सासू बारशाला चार दिवस आधीच येणार आहे. चांदीचे वाळे आणणार, पाळणाही त्यांच्याकडचा, नावही तिनंच काढून ठेवलंय. सविता, पहिलं बाळंतपण माहेरी, तर पाळणा माहेरचा. सासऱ्यांच्या वेळचा सागवानी पाळणा माळवदाखालून काढताना धड सापडला, पंडितनं त्याला दोन खिळे मारून दिलेत. माझ्याकडं चांदी नाही. दुपटी शिवली आहेत, कुंची शिवली आहे, डिंकाचे लाडू झालेत. सासरची आजी काय करायची ते करो, थोरली आजी मी आहे. माधवीनं मला पहिल्या दिवसापासून आजी म्हटलं, तेव्हा मी किती फणफणले होते. पोरीला आधीच कळलं होतं म्हणायचं.

त्या बाईच्या आधी मला तुझ्या दारात पोचायचं आहे. उद्या सकाळच्या गाडीनं निघते. पाळणा एसटीच्या टपावर टाकायला पंडित सेलूपर्यंत येतो आहे. परभणीला गाडी बदलताना हमाल बघीन. म्हणजे हे पत्र तुला मिळायच्या आधी मी मिळेन, पण पेटी पंडितनं कालच तुझ्या भिंतीला ठोकली आहे, आणि तिच्यात पहिलं पत्र माझं पडावं म्हणून लिहिते. उखळ धुवून ठेव.

आणि बारशाची पत्रिका छापून मला पोस्टानं धाडली असशील, तर ती तुझ्याकडं परत येईल. माधवीला सांगून ठेवलं आहे, सुलाबाईच्या नावानं आलं तर घेऊ नकोस. त्यावर शेरा मार, की घेणारी नांदेडला, आपल्या घरी गेली आहे.

तुझी,
अक्का